कडीकोयंड्याची फटफटी

"हे गुलाब कायको?" चिंतामणीने विचारले.

"गुलाब नहीं होगा तो पत्रा नंगा लगता है, साईं," लालचंद म्हणाला आणि दुसऱ्या गुलाबाला त्याने आणखी एक पान काढले.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, लालचंदच्या बराकीच्या ओसरीत चिंतामणीची फटफटी उभी होती. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली, आवाजाने अर्धे अंबरनाथ उठवणारी. तिच्या पुढे वारा अडवायला पत्र्याचा आडोसा करून दे, एवढेच त्याने सांगितले होते. पण लालचंदने फाळणीआधी सिंधमधल्या सक्करला उभा जन्म ट्रंका केल्या होत्या. तेव्हा आडोसाही ट्रंकेच्या झाकणासारखाच झाला. निळा रंग, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, मधोमध दिव्यापुरते भोक, दोन्हीकडे गुलाब, आणि खाली चक्क कडीकोयंडा.

"अरे, ये कडी काय करने की? इसमें क्या ठेवने का है?"

"कडी तो लगती ही है," लालचंद म्हणाला. मग ब्रश पुसत हळूच बोलला, "दो साल में ये पहला काम है. इधर सब पहुँच गए, साईं. अब ट्रंक किसको चाहिए?"

 चिंतामणीने कडी राहू दिली. निघताना लालचंदने त्याच्याकडून एक शब्द घेतला. "भाभी को बिठाके एक दफा इधर से ले जाना. मैं देखूँगा."

हा शब्द देणे सोपे होते, पाळणे महाकठीण. चिंतामणी काडेपेटीच्या कारखान्यात भांडाराचा कारकून. रजेवर गेला तरी चार दिवस कुणाच्या लक्षात येत नसे, असा माणूस. फटफटी हा त्याने आयुष्यात केलेला एकमेव आगाऊपणा, आणि तोही कुंदाला मागे बसवून तिच्या माहेरी, बदलापूरला न्यायचे म्हणून. पण बाई वर्षभर बसायला तयार नव्हती. "कानात वारा शिरतो माझ्या. पुढं आडोसा असता तर बसले असते," म्हणायची. असा आडोसा जगात नसतो, याची तिला खात्री होती. खरी अडचण लोकांच्या नजरांची होती, हे साऱ्या आळीला माहीत होते. माहीत नव्हते ते एकट्या चिंतामणीला. त्याने बापडा आडोसाच करून आणला.

कुंदाने अंगणात येऊन पाहिले. गुलाब पाहिले, कडी पाहिली.

"अहो, हे काय? माझी सासरी पाठवणी आहे का पुन्हा?"

"वारा अडतो की नाही ते बघ," चिंतामणी म्हणाला. त्याचा चेहरा इतका आशेने भरला होता की तिला त्याची कीव आली. आणि शब्द तिनेही दिला होता.

रविवारी सकाळी ती बसली. डोक्यावरून पदर घट्ट ओढून, डोळे मिटून. शेजारची राजाबाई उंबऱ्यात परात टाकून पाहत राहिली. कुंदाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अंबरनाथ सुटले आणि वारा समोरून आला. आडोशाने वारा अडवला खरा, पण फटफटीलाही अडवले. त्यात इंजिनाला हवा मिळेना. ते तापून धापा टाकू लागले आणि चढावर बंदच पडले. मागून मांजर्लीच्या नाथाची बैलगाडी आली.

"काय रं भाऊ, पेटी कुटं चालवलीस?"

"पेटी नाही, फटफटी आहे."

"मंग फटफटी कुटं हाय?" नाथा म्हणाला आणि पुढे निघाला.

बैलगाडी आपल्याला मागे टाकून जाते, हे मात्र कुंदाला सोसवेना. "काढा तो पत्रा," ती खाली उतरून म्हणाली.

"अगं, पण तुझे कान..."

"कानांचं मी बघते. काढा."

पाना खिशात होताच. चिंतामणीने आडोसा सोडवला, नाथाला हाक मारली आणि गाडीत चढवला. नाथाने तो सासुरवाडीला पोचवायचे कबूल केले. इंजिन निवल्यावर पुन्हा किक मारली, आणि काय सांगावे, फटफटी अशी सुटली की चिंतामणीची टोपी उडाली. कुंदाने ती मागच्या मागे झेलली. बैलगाडी मागे पडताना ती हसली, मोठ्याने, तोंडावर पदरही न घेता. अकरा वर्षांच्या संसारात असे हसू चिंतामणीने ऐकले नव्हते. त्याचे डोळे भरून आले, आणि दोष देण्याजोगा वारा समोर होताच.

दुपारी निघताना पाहतो तो सासूबाईंनी आडोसा झाकण म्हणून ताब्यात घेतलेला. "तांदळाच्या पिंपावर अगदी बेतून केल्यासारखं बसतंय."

"राहू दे इथंच," चिंतामणी आनंदाने म्हणाला.

"नको," कुंदा म्हणाली. "लावा पुन्हा. आधी कॅम्प दोनला जायचंय. शब्द दिलाय ना तुम्ही?"

वारा आता फिरून पुन्हा तोंडावर आला होता. इंजिन निववायला तीनदा थांबावे लागले. सायकलवाले पुढे गेले. राजाबाईच्या दारावरून जाताना तर फटफटी माणसाच्या चालीनेच चालत होती म्हणा. कुंदाने डोळे मिटले नाहीत.

लालचंद ओसरीत बसला होता. आवाज ऐकून उठला, सदऱ्याची गुंडी लावली आणि रस्त्यावर आला. त्याने गुलाबांवरची धूळ बाहीने पुसली, कोपरे चाचपले.

"भाभीजी, हवा लगी?"

"अजिबात नाही," कुंदा म्हणाली. "एकदम छान केलंय तुम्ही."

मराठी त्याला किती कळले कोण जाणे, पण मान ताठ झाली. तो आत गेला आणि हातात एक छोटे पितळी कुलूप घेऊन आला. "ये देना भूल गया था. बिना ताले की पेटी हमारी दुकान से नहीं जाती थी." कोयंड्यात अडकवून त्याने ते दाबले, ओढून पाहिले आणि किल्ली कुंदाच्या हातावर ठेवली.

पुढे आडोसा कुंदाच्या घरच्या तांदळाच्या पिंपावर गेला, आणि दोघे दर रविवारी उघड्या फटफटीवरून हिंडू लागले. कॅम्प दोनला जायचे असले की मात्र पिंप उघडे पडे. किल्ली कुंदाच्या जुडग्यात, कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्यांशेजारी राहिली. त्या किल्लीने उघडावे असे काहीच नव्हते, तरी कुंदा ती दर दिवाळीला चिंचेने लख्ख घाशी.