कळंब्याची तीनरंगी बोटं

"बघा पावणं, डोळं फाडून बघा! पांढरी म्हंजी आई आली, निळी म्हंजी आईनं तुमची इडापिडा वडून घेतली, तांबडी म्हंजी आई परसन झाली!"

पिराजी भगत ओरडत होता आणि कळंब्याच्या तळ्याकाठची गर्दी उदो उदो करत होती. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. पौषातली सकाळ, अंगाला झोंबणारा गारठा. पिराजीची विधवा भावजय तानाबाई पाण्यात हात बुडवून बसलेली. तिची बोटं खरोखरच खडूसारखी पांढरी पडायची, मग निळी, आणि बऱ्याच वेळानं तांबडीलाल. ती कपाळाला लावून घ्यायला मुरगूड-मलकापूरपासून माणसं येत. येत्या अमावास्येला तानाबाई दिवसभर पाण्यात हात ठेवून बसणार, अशी दवंडीही पिराजीनं पिटली होती. तिच्या एका बोटाचं टोक तेव्हाच काळं पडलं होतं. पिराजी म्हणे, ती आईची खूण.

आता माझी ओळख. मी शाळामास्तर आणि कोल्हापुरातला स्वयंघोषित बुद्धिवादी. एका बुवाच्या नारळातून निघणाऱ्या केसांचं बिंग मी एकदा फोडलं होतं. तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली ती खाली यायचं नाव घेईना. आमटी खारट झाली तरी मी बायकोला कार्यकारणभाव समजावून सांगत असे. बोटांचं कोडं मी घरबसल्याच सोडवलं. नीळ! बाई बोटांना नीळ चोळत असणार, दुसरं काय? खिशात धुण्याचा सोडा आणि काथ्या घेतला, साक्षीला शेजारच्या निसार डॉक्टरांना ओढलं आणि गर्दीत घुसलो.

"हात पुढं कर बाई. ढोंग धुऊन काढतो!"

तानाबाईनं मुकाट्यानं हात दिले. मी बाह्या सारून त्याच गारढोण पाण्यात तिची बोटं खसाखसा घासली. आणि काय सांगू! बोटं मुळापासून पांढरीफटक पडली, मग निळी झाली, आधीपेक्षाही गडद.

"मास्तरनं आई जागी केली रं!"

एकच गिल्ला झाला. बायडाबाई नावाच्या म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी गळ्यात झेंडूची माळ घातली, कुणी हातात नारळ दिला. पिराजी तर माझ्या पायाच पडला. असा फुकटचा पुजारी त्याला कुठं मिळणार? बुवाबाजी मोडायला गेलेला मी, तो नारळ घेऊन बावळटासारखा उभा राहिलो.

निसार डॉक्टर मात्र खाली बसले. त्यांनी आपला मफलर तिच्या हातांना गुंडाळला आणि विचारलं, "तानाक्का, दुखतंय का?"

"लई! थंडी पडली की घरात सुदिक असंच हुतंय. सांधं धरत्यात, बोटं मिटत न्हाईत, तोंडाची कातडी वडती." तिला रडू फुटलं. "पर कुनी इचारलंच न्हाय की."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावलं. 'आई बाटंल' म्हणत पिराजी निम्मा गाव घेऊन हजर. डॉक्टरांनी त्याच्याकडूनच तळ्याचं पाणी भरून आणवलं, ते चुलीवर कोमट केलं आणि तानाबाईचे हात त्यात ठेवले. पांढरं नाही, निळं नाही, काही नाही.

"पाणी तळ्याचं, हात तेच, भगतही तोच. मग आई कुठं गेली रं पिराजी?"

"आईला ऊन पानी चालत न्हाय!"

"आणि देवळात मूर्तीला ऊन पाण्यानं न्हाऊ घालतोस ते?"

गर्दीत खसखस पिकली. डॉक्टरांनी उन्हात सूक्ष्मदर्शक मांडला. आधी धडधाकट बोट कसं दिसतं ते कळावं म्हणून बायडाबाईच्या नखाच्या मुळाशी, जिथं कातडी नखाला मिळते तिथं, तेलाचा थेंब सोडला. त्यानं कातडीतून आतलं दिसतं. मी रुबाबात डोळा लावला आणि "व्वा, काय रक्तवाहिनी आहे!" म्हणालो. ती माझीच पापणी होती. मग नीट पाहिलं. अंबाड्यातल्या आकड्यांसारख्या बारीक तांबड्या वाहिन्या, सरळ ओळीनं. तानाबाईच्या बोटात मात्र काही वाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या, आणि मधल्या कितीतरी गायबच.

"अंगाला सांधून धरणारे जे बारीक धागे असतात, त्यांचा हा आजार दिसतो," डॉक्टर म्हणाले. "त्यात या वाहिन्याही बिघडतात. गारठ्यानं त्या आवळतात. रक्त थांबलं की बोट पांढरं, अडून राहिलं की निळं, परत धावलं की तांबडं. काळं टोक म्हणजे बोट मरायला लागलंय. मुळासकट बरं करायचं औषध माझ्याजवळ नाही, पण उबेत ठेवली तर उरलेली बोटं वाचतील."

तानाबाईनं स्वतःही डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी माझ्या अंगात कुनी न्हाय? मी निस्ती आजारी हाय?"

"व्हय."

तिनं पदरात हात गुंडाळले आणि पिराजीकडं वळली. "भावजी, अवसंला तुमीच बसा पान्यात."

मंडळी, पिराजीनं त्या बाईला देवी केलं, मी तिला लबाड ठरवलं, आणि दोघांनीही तिचे हात गार पाण्यातच घातले. म्हणून हात जोडून सांगतो: कुणाच्या अंगात देव आला असं ऐकलंत, तर त्या माणसाला आधी काय होतंय ते विचारा आणि डॉक्टरकडं न्या. वाटेत माझ्यासारखा एखादा शहाणा मास्तर भेटलाच, तर त्याला म्हणावं, गप्प बस आणि बाईच्या हातांवर घोंगडी घाल.