थरथर

मित्रांनो, तांड्यातल्या कडुनिंबाला तारेने टांगलेला हातभर लोखंडाचा तुकडा दिसतोय ना, तो मी. मी एक जुना रूळ आहे. तुम्हाला वाटेल, भंगार. वाटू द्या. भंगारवाल्यालाही तसंच वाटलं होतं.

जऊळक्याची रेल्वेलाइन छोटी, म्हणजे मीटरगेज होती, तेव्हा मी तिथे जमिनीला खिळलेला होतो. आमच्या जातीची एक खोड सांगतो. गाडी दिसायच्या आधी, शिट्टी ऐकू यायच्याही आधी, ती आमच्या अंगात येते. बारीक थरथर. माणसं स्टेशनावर जांभया देत असतात आणि आम्हाला सगळं कळलेलं असतं.

मग लाइन मोठी झाली. आम्हाला उखडलं, कापलं आणि ढिगात टाकलं. तिथून मला इथल्या सोमलाने उचलून मेडशीजवळच्या या तांड्यात आणलं. इथली काही घरं येशूची प्रार्थना करतात, पण त्यांच्या पत्र्याच्या प्रार्थनाघराला घंटा नव्हती. सोमला दर रविवारी मला हातोडीने ठोकू लागला. आवाज असा खणखणीत की लांबच्या वावरातले बैल मान वळवायचे.

"हा आपला कर्णा," सोमला म्हणायचा. "शेवटच्या दिवशी देवदूत असाच वाजवीन." मी फुगून जायचो, खोटं कशाला सांगू?

त्या शेवटच्या दिवसाची गोष्ट तो आवाज खाली आणून सांगायचा. प्रभू परत येईल, मेलेले उठतील. दोघी वावरात काम करत असतील, तर एक नेली जाईल, एक मागे राहील. ऐकणारी पोरं एकमेकांना चिकटून बसायची.

मागच्या साली प्रार्थना चालवणाऱ्या उदयसिंगने मोबाइलवर कोणाचं तरी भाषण ऐकलं आणि दिवसच सांगून टाकला. येता शुक्रवार.

"आता इळा धराचा नाई," तो म्हणाला. "ज्याच्या हातात इळा, त्याचं मन या जगातच गुतलं."

सोयाबीन नेमकं तेव्हाच सोंगणीला, कापणीला आलेलं. गोमतीबाईचं सगळं त्या पिकावर होतं. म्हातारी आणि अकरावीतली नात रीता, घरात दोघीच. पीक गेलं तर ऊसतोडीला जायचं, आणि रीताची शाळा सुटायची.

"काहून रे उदयसिंग," गोमतीबाईने विचारलं, "तो दिवस त प्रभूनं कोनालेच सांगतला नाई म्हन्ते. तुले कसा सांगतला?"

"काकी, तुमचा विश्वास कमी पडून राह्यला."

म्हातारीने घरी जाऊन इळा खुंटीला टांगला. मागे राहून जायची भीती तिलाही होतीच की.

शुक्रवारी चुली पेटल्या नाहीत. पांढरे कपडे घालून सगळे पत्र्याखाली बसले. खूण दिसली की मला वाजवायचं, म्हणून सोमला हातोडी घेऊन माझ्याखाली बसला. दुपारी हवा पडली. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं पिवळट झालं. कुत्री खाटांखाली शिरली. आणि शिवारातून आवाज येऊ लागला. तड. तड. तडतड. माणूस एक दिसत नव्हता आणि सगळं रान बोलत होतं.

आत लोकांना वाटलं, खूण आली. गोमतीबाईला मात्र तो आवाज ओळखीचा होता. वाळलेल्या शेंगा उन्हात फुटून दाणे मातीत पडत होते. ती उठली.

"प्रभू आला त मले वावरातच पाहीन," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं बसलेली कायले पाहावं त्यानं?"

इळा घेऊन ती निघाली. मागोमाग रीता गेली. बाकी कोणी हललं नाही.

थोड्या वेळाने माझ्या अंगात थरथर आली. मित्रांनो, मी झाडाला टांगलेला होतो. लाइनशी माझं काही नातं उरलं नव्हतं. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. सोमलाने माझ्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यागत काढून घेतला. त्याने वावराकडे पाहिलं. पिवळ्या धुरकटात दोन वाकलेल्या पाठी होत्या. त्याने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. एकच होती.

त्याने मला जीव खाऊन ठोकलं. माणसं बाहेर धावली. कोणी हात वर केले, कोणी रडत होतं. वर काहीच नव्हतं. सोमलाने हातोडीने वावर दाखवलं.

गोमतीबाई सोंगायला धरलेल्या ओळीत, तिच्या पातीत, आडवी पडली होती. मुठीत इळा तसाच. रीताने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उदयसिंग येऊन उभा राहिला.

"काका," रीता म्हणाली, "आजीची पात अर्धी राह्यली."

उदयसिंगने म्हातारीच्या मुठीतून इळा हळूच सोडवला आणि वाकला. म्हातारीला घरी नेलं तरी तो थांबला नाही. एकेक जण त्याच्या शेजारी येऊन वाकला. अंधारून येईपर्यंत ते पांढरे कपडे त्या पिवळ्या वावरात सोंगत होते. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

रीता आता एसटीने शाळेत जाते. रविवारी मला तीच ठोकते. उदयसिंग तारखा सांगत नाही. मित्रांनो, माझ्यावर गंज चढू देऊ नका, एवढं मागतो. आणि मी वाजलो म्हणून आभाळाकडे बघत बसू नका. हातातली पात पुरी करा, शेजाऱ्याची अर्धी राहिली असेल तर तीही.

काल ती थरथर पुन्हा आली. वारा नव्हता. सोमला माझ्याखाली बसून रीताच्या शेळीसाठी दोरी वळत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसला. आणि दोरी वळत राहिला.