विमानाचे दात

मी आजवर सात वेळा विमानात बसलोय. म्हणजे, गावाला तसं सांगितलंय. एकदा तर चालकाला लघवीला लागली म्हणून त्यानं पाच मिनिटं विमान माझ्या हातात दिलं आणि मी ते गोदावरीवरून वळवून पुन्हा नीट रस्त्याला लावलं, हेही मी पारावर बसून, चहाचा एक घोट न चुकवता सांगितलेलं आहे. ऐकणारे हसतात, "अप्पा, अजून एक होऊन जाऊ द्या" म्हणतात. थाप मारणारा आणि ऐकणारा यांचं आतून ठरलेलं असतं. खरं कुणी धरत नाही, खोटं कुणी म्हणत नाही.

पण त्या ठरण्यात सरूबाई कधीच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

माझा धंदा बैलांच्या दलालीचा. चाळीस वर्षं नेकनूरच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव केले. आमच्या धंद्यात एकच मंत्र. बैल पसंत पडला तरी तोंड वाकडं करायचं, "न्हाई जमत" म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. दहाव्या पावलाला मालक मागून हाक मारतो. मारतोच. माझ्या मागं पळत आलेल्या मालकांची रांग लावली, तर ती गेवराईपासून बीडच्या स्टँडापर्यंत जाईल.

चार वर्षांमागं संभाजीनगरहून 'गोदातीर एअर' सुरू झाली, तेव्हा त्यांच्याकडं एकच विमान होतं. नऊ माणसांचं. "काळी-पिवळीत ह्याच्यापेक्षा जास्ती बसतेत," असं पारावरचा मुंजाजी म्हणाला आणि सगळे हसले. पण कंपनी वाढत गेली. नऊ माणसांच्या जागी सत्तर माणसांचं विमान आलं, मग दुसरं, मग हैदराबाद, मग नागपूर. यंदा सहा विमानं झाली, आणि गेवराईच्या बायपासला मोठा फलक लागला. एवढा ऐवज समोर असताना मी गप्प बसणार होय?

"त्यांचं पयलं इमान मीच पारखून दिलंय," मी पारावर सांगितलं. "मालक घरी आलता. म्हणला, अप्पा, तुमच्याबिगर पारख कुणाला? गेलो. पोटावर थाप मारली. शेपूट पिळून बघितलं. तोंड उघडून दात मोजले. म्हणलं, चार दातांचा चौसा हाय, घे डोळे झाकून. आता सहा झाली, पण अजून नवं घेताना फोन येतो."

त्या दिवशी पाराच्या कडेनं सरूबाई शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबली, ऐकलं आणि गेली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सरूबाईची नात पौर्णिमा. आईबाप लहानपणीच गेले. ऊसतोडीला जाऊन, कोयत्यावर राबून सरूबाईनं तिला शिकवलं. पोरगी नागपूरला डॉक्टर झाली. पदवी देण्याचा समारंभ ठरला, सकाळी अकराला. पोरगी फोनवर म्हणाली होती, "आजी, तुझे गुडघे बघता एवढ्या लांबचा प्रवास नको. मीच येते नंतर." म्हातारीनं "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दोन शेळ्या विकून पदराच्या गाठीत पैसे बांधून माझ्या दारात आली.

"अप्पा, मला नागपूरला इमानानं धाडा. तिला सांगायचं न्हाई. ती वर चढंल तवा मी समोर बसल्याली पाहिजे."

"आदल्या दिवशी बसनं जा की, सरूबाई," माझी बायको छबुबाई म्हणाली.

"दहा-बारा तास पाय मुडपून बसवत न्हाई आता. तरुणपणी दीक्षाभूमीला टरकात उभं राहून गेलतो आमी. आता त्ये गुडघं न्हाईत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् अप्पांची तिथं वळख हाय. पयलं इमान ह्यांनीच घेऊन दिलंय त्यांना."

छबुबाईनं माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या कुणी तिथंच कबूल केलं असतं. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "काळजी सोडा."

मोबाईलवर गोदातीरचं दुकान उघडलं. सकाळी जाणारं आणि दुपारी परत येणारं, दोन्ही तिकिटं दिसली. भावही बरा होता. सरूबाईच्या गाठीतले पैसे पुरून उरले असते. पण पहिला भाव मान्य करायचा, हे माझ्या बोटांना ठाऊकच नाही. मी तोंड वाकडं केलं आणि मोबाईल बंद केला.

दुसऱ्या दिवशी भाव वाढलेला.

"नखरे करतंय," मी म्हणालो आणि पुन्हा पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी अजून वाढला. छबुबाई भाकरी थापताना म्हणाली, "अवं, घिऊन टाका की. शिटा भरत चालल्या आसतील."

"तू गप. बाजार मला शिकवतीस?"

"बाजारात बैल तुमच्याकडं बघतो तरी. हितं कोन बघतंय तुमचं वाकडं तोंड?"

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही. चौथ्या दिवशी भाव दीडपट झाला. मग 'स्वस्त तिकीट' असं बोलून मोबाईलमध्ये शोधलं, कुठलंसं पान उघडलं आणि तिथं माझा नंबर आणि कुठं जायचं ते टाकून दिलं.

पाचव्या दिवशी सकाळीच मेसेज आला. 'खास तुमच्यासाठी. गोदातीर, नागपूर, जाणं-येणं, निम्म्या किमतीत. फक्त दहा मिनिटं.'

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. ही थाप नाही, छबुबाईनंच ते पुन्हा लावलं. "बघितलंस? आलं का न्हाई पळत मागं?"

पैसे कंपनीच्या नावावर जात नव्हते, कुणा एका माणसाच्या नावावर जात होते. हे मला दिसलं. खोटं कशाला बोलू, स्पष्ट दिसलं. पण आमच्या धंद्यात पैसा माणसाच्याच हातात जातो, त्यामुळं मला उलट बरंच वाटलं. पैसे गेले, तिकीट आलं. वर विमानाचं चित्र, खाली सरूबाईचं नाव. मी ते गेवराईत छापून आणलं आणि निम्म्या किमतीची गोष्ट पारावर सांगितली. सरूबाईनं ते घडी न घालता वहीत ठेवलं.

समारंभाच्या दिवशी पहाटे आम्ही जीपनं निघालो. सरूबाई पांढऱ्याशुभ्र लुगड्यात. मांडीवर पिशवी. पिशवीत पौर्णिमेसाठी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या. वाटेत एकच विचारलं तिनं.

"अप्पा, ढग हाताला लागतेत का?"

"खिडकीची काच असती," मी म्हणालो. "पर काचंवर गारवा लागतो." तेही मी ऐकीव सांगत होतो.

विमानतळाच्या दारात शिपायानं कागद बघितला, त्याच्या यंत्रावर धरला, पुन्हा धरला आणि म्हणाला, "गोदातीरच्या खिडकीवर जाऊन विचारा." खिडकी बाहेरच होती. आत एक पोरगी बसलेली, पौर्णिमेच्याच वयाची. तिनं नंबर टाकला. दोनदा टाकला. मग तिचा चेहरा बदलला.

"आजोबा, हे तिकीट आमचं नाही. कुठून घेतलंत?"

मी मोबाईल पुढं केला. तिनं मेसेज वाचला आणि हळू आवाजात म्हणाली, "आमचं दुकान असं मागून मेसेज करून, माणसाच्या नावावर पैसे घेत नाही. फसवलंय तुम्हाला. आधी सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीस नंबरवर फोन करा."

"मग आत्ताचं तिकीट द्या," मी म्हणालो. "काय भाव असंल तो."

"सगळ्या जागा भरल्यात आजोबा. लग्नसराई आहे. कालच भरल्या."

तेवढ्यात सरूबाई पुढं झाली. तिला वाटलं, पोरीला माणूस कळलेला नाही. खिडकीवर दोन्ही हात ठेवून ती अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलली.

"बाई, हे सुंदरअप्पा हायेत. तुमचं पयलं इमान ह्यांनीच पारखून दिल्यालं. पोटावर थाप मारून, दात मोजून. तुमच्या मालकाला फोन लावा. ते वळखतेत."

आमच्या मागं दहा-बारा माणसं उभी होती. कुणीतरी फिसकन हसलं. खिडकीतली पोरगी मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, फक्त बघितलं, आणि मी मान खाली घातली. बाजारात लबाडी पकडली गेली की माणूस ओरडतो, भांडतो, शपथा घेतो. मी हे सगळं केलेलं आहे. त्या दिवशी मात्र आयुष्यभर जिभेवर वाढवलेली विमानं एकदमच घशात उतरली.

सरूबाईनं माझं तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिडकीवरचे हात काढले, कागद घेतला, पुन्हा वहीत ठेवला आणि म्हणाली, "चला अप्पा. हितं लोकांची गर्दी व्हतीया."

बाहेर लिंबाखाली बसलो. समृद्धीनं गाडी पळवली असती तरी दीड-दोन वाजले असते. मी एकोणीसशे तीसला फोन करून तक्रार दिली. बोलताना आवाज माझा वाटत नव्हता. मला वाटत होतं, शिवी तरी द्यावी तिनं.

अकरा वाजून गेले. बाराच्या सुमाराला माझ्या मोबाईलवर पौर्णिमेचा व्हिडिओ कॉल आला. आजीला बघता यावं म्हणून ती नेहमी माझ्याच फोनवर करायची. काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद. सरूबाईनं मोबाईल दोन्ही हातांत धरला, ओंजळीत पाणी धरल्यासारखा.

"आजी, झालं बघ! दिसतंय का? रडू नको ना. कुठं हाइस? घरी का?"

नेमकं तेव्हाच मागून गोदातीरचं विमान सुटलं. कान फुटायची वेळ आली.

"आजी, कशाचा आवाज आहे गं एवढा?"

"ट्रॅक्टर गं," सरूबाई म्हणाली. "अप्पांच्या दारातच बसलीया मी. ट्रॅक्टर चाललाय रस्त्यानं."

उभ्या जन्मात तिला खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. पहिलं खोटं बोलली ते नातीचा दिवस खराब होऊ नये म्हणून, आणि माझं नाव निघू नये म्हणूनही. फोन ठेवल्यावर तिनं पिशवी सोडली, एक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. मी ती खाल्ली. न खाणं जास्त वाईट झालं असतं.

"आत्ता गेलो तर गाव इचारील," ती म्हणाली. "सांजच्यालाच जाऊ."

दिवसभर तिथंच बसलो. दिवस मावळता गावात शिरलो तर पारावर सगळे वाट बघत बसलेले.

"काय सरूबाई," मुंजाजी ओरडला, "कसं व्हतं इमान?"

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "लई झ्याक. ढग म्हंजी पिंजल्याला कापूस. काचंला हात लावला तर गारवा लागला. पोरगी वर चढली आन् मी समोरच बसल्याली." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सकाळी जीपमध्ये मी दिलेला गारवा ती मलाच परत करत होती.

पारावर आनंदीआनंद. कुणीतरी चहा सांगितला. माझी पाठ थोपटली गेली. आणि मी, लाज वाटते लिहायला, मिनिटभर सुटल्यासारखा झालो. मनात म्हणालो, झाकलं गेलं.

मग मुंजाजी मोबाईल काढत माझ्याजवळ सरकला. "अप्पा, त्ये निम्म्या किमतीचं दुकान मलाबी पाठवा. लेकीला हैदराबादला धाडायचंय दवाखान्यात. चार तिकिटं घ्यायचीत. आत्ताच घेतो."

त्याचा अंगठा मोबाईलवर तयार होता. मी त्या अंगठ्याकडं बघितलं. मग सरूबाईकडं. ती नकारार्थी मान हलवत होती, अगदी थोडी, मलाच दिसेल एवढी.

मी पारावर उभा राहिलो.

"मुंजाजी, ठेव त्यो मोबाईल खिशात. त्ये दुकान न्हाई, चोर हाय. मी पाच दिवस भाव पाडीत बसलो आन् खऱ्या दुकानातली जागा घालवली. मागनं जो हाका मारीत आला, त्याला मालक समजलो. सरूबाई इमानात बसली न्हाई. माझ्यापायी दारातनं परत फिरली. नातीचा समारंभ चुकला. आन् मी सात येळा न्हाई, एकदाबी बसल्यालो न्हाई."

मग पार असा फुटला की कावळे उडाले.

"वा अप्पा! ही तर लईच भारी!"

"सुंदररावांची आजपतोरची सगळ्यात मोठी थाप!"

मी ओरडलो, शपथ घेतली, तेवढे ते जास्तच हसले. मुंजाजीनं डोळे पुसत पुन्हा मोबाईल पुढं केला. "चला, पाठवा आता."

तेव्हा सरूबाई पारापाशी आली. पिशवीतून वही काढली, वहीतून तो कागद काढला आणि मुंजाजीच्या हातात दिला. "खरं हाय त्यांचं," ती म्हणाली. हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं.

मुंजाजीनं मोबाईल खिशात घातला. चहा आला, तो तसाच निवत राहिला.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कावून सांगितलंत अप्पा?" ती म्हणाली. "आत्ता कुठं इमानात बसले व्हते मी."