तुरांगानुईच्या मुखावरचा खडक

“सुरुंगाची दारू तुझ्याच होडीतून जाईल, एरुएरा,” मुकादम ग्रेगसन म्हणाला. “त्या ओढीत खडकाला होडी लावणारा दुसरा आहे कोण?”

“मी नाही येणार.”

तुरांगानुई नदी एवढीशी. एक चिलीम ओढून होईपर्यंत काठानं चालून संपते. तिच्या मुखाशी तो खडक. आमच्या दोन जमातींची हद्द त्याच्यावरून ठरलेली. पहिलं गोरं जहाज आलं तेव्हा आमच्या माणसानं याच खडकावर आमच्या भेटीच्या रीतीनं गोऱ्याच्या नाकाला नाक लावलं होतं, आणि त्याच दिवशी गोऱ्यांनी आमचा एक माणूस गोळी घालून पाडला होता. आता बंदर व्हायचं होतं. खडक जहाजांच्या आड येत होता.

“तुझा पोरगा होहेपा तुरुंगात आहे ना?” ग्रेगसननं आवाज खाली आणला. “मोजणीच्या खुंट्या उपटल्या म्हणून? साहेबांच्या कानावर घालतो मी. सुटेल.”

एरुएरानं दारू नेली.

काठावरून त्याची आत्या रीपेका ओरडत होती, “मेल्या, त्यापेक्षा माझ्या छातीत लाव की सुरुंग!” तो मान खाली घालून वल्ही मारत राहिला.

खडक फुटला. मेलेले मासे वर आले. मजुरांनी ते हसत गोळा केले आणि तिथंच भाजून खाल्ले.

एरुएरा ग्रेगसनपुढं उभा राहिला. “पोराचं काय?”

“तो? तो हिवाळ्यातच गेला की. तापानं.”

“तुला ठाऊक होतं?”

“मग काय करणार? तू होडी काढली असतीस का?”

प्रेत कुणी दिलंच नाही. आमच्या सभाघरात होहेपाचा अंगरखा मधे ठेवून रडणं सुरू झालं. एरुएरा बायकोला, मेरेआनाला, घेऊन फाटकाशी आला. आतून बाईची हाक आल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. आणि हाक घालायचा मान रीपेकाचा.

तिनं दोघांकडं पाहिलं. मग तिनं गळा काढला, “ये गं, पोराच्या आई, ये!”

मेरेआनानं नवऱ्याकडं पाहिलं.

“जा तू,” तो म्हणाला.

ती आत गेली. एरुएरानं टोपी काढली आणि पोरासाठी चाललेलं रडणं ऐकत तो फाटकाबाहेर उभा राहिला. त्याच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. आम्हीसुद्धा नाही.