खिडकीपाशी बसायचा नियम

मी डोळे रंगवते. ज्यांचा एक डोळा गेलेला असतो त्यांच्यासाठी खोटा डोळा, ज्याला दिसत काही नाही पण दिसतो खरा. बटणाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं, एकावर एक पातळ थर देत. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे चिकटवायचे, त्या शिरा. आमच्या धंद्यात एक नियम मोडायचा नसतो: माणसाला समोर खिडकीपाशी बसवायचं आणि त्याच्या उरलेल्या डोळ्यात बघत रंगवायचं. फोटोवरून कधीच नाही. एकोणीस वर्षं मी तो नियम पाळला आणि न पाळणाऱ्यांना नावं ठेवली.

मग माझ्याच लेकीचा डोळा गेला. चार वर्षं ती माझ्याबरोबर काम करत होती. त्या दिवशी घासायच्या चाकावर बसताना तिनं संरक्षणाचा चष्मा मागितला. तो आतल्या खोलीत होता आणि बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "एकच तर घासायचाय," मी म्हणाले. चाकानं तुकडा उडवला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून माझा हात गेला. चकती समोर घेतली की कुंचला नुसता भिजायचा आणि वाळायचा. तपकिरी रंग चिखल व्हायचा, निळा डाग व्हायचा. गिऱ्हाइकांना मी परत पाठवू लागले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लेकीच्या खोबणीत तोवर एक पारदर्शक कवची बसवलेली होती. तिसऱ्या तपासणीला डॉक्टर वैतागले. "अजून किती थांबायचं? पापण्या आक्रसायला लागल्यात. दोन महिन्यांत नीट डोळा बसला नाही, तर नंतर बसणारच नाही."

नवरा म्हणाला, "दुसऱ्या गावी एक जण चांगले करतो म्हणतात. तिकडे नेऊ या."

"मी कुठेही जाणार नाही," लेक म्हणाली. "आई करेल."

हे ती प्रेमानं म्हणाली की मला शिक्षा म्हणून, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मी मास्तरांकडे गेले. त्यांच्याकडेच मी हे काम शिकले. आता त्यांचे हात इतके थरथरतात की चहाची बशी त्यांची बायको धरते. जीभ मात्र शाबूत आहे.

"तू डोळा रंगवायला बसतेस की प्रायश्चित्त करायला?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, उपाय सांगा. अक्कल मला घरीही शिकवतात."

"हात गोठला की त्याच्याकडे मोठं काम मागू नये. रोज एक शर्टाचं बटण रंगव. दिवसात ज्याचा डोळा समोर येईल त्याचा. बरा होवो, वाईट होवो, डब्यात टाक आणि झोप."

बटणं! मला हसू आलं, रागही आला. पण दुसरं सुचत नव्हतं, म्हणून नवऱ्याचे जुने शर्ट उसवले. पहिली आठ बटणं बघवत नव्हती. नवव्या दिवशी बसच्या कंडक्टरचा डोळा रंगवला, त्यात पिवळसर झाक बरोबर उतरली. मग पोस्टमनचा, माझ्या बहिणीचा, नवऱ्याचा. आमची शेजारीण म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं वाकून बघणारी बाई. तिचा डोळा तर इतका हुबेहूब झाला की मी डब्याचं झाकण लावून टाकलं. चाळीस दिवसांत हात परत आला. मी शहाण्यासारखं मास्तरांना फोन करून तसं कळवलं.

आणि लेकीचा डोळा रंगवायला घेतला. फोटोवरून.

स्वतःला कारणं पुष्कळ दिली. तिला ताटकळत कशाला बसवायचं, तो डोळा मला पाठ आहे, जन्मल्यापासून बघतेय. पाच दिवसांत झाला. इतका सुंदर डोळा मी आजवर केला नव्हता.

तिनं तो बसवला आणि आरशासमोर उभी राहिली.

"हा आधीचा आहे," ती म्हणाली.

मी तिच्या मागे उभी होते. आरशात दिसलं. मी रंगवलेला डोळा ताजा, हसरा, सात धाग्यांचा. शेजारचा तिचा डोळा सुजलेला, लाल, बुबुळाभोवती मळकट. एकाच चेहऱ्यात दोन माणसं बसल्यासारखी वाटत होती.

"मला चार महिने झोप नाही, आई. तुला कसं कळणार? तू माझ्याकडे बघतच नाहीस." तिनं डोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "डबा उघडून बघितला मी. सगळ्या गावाचे डोळे आहेत त्यात. माझा नाही."

ती खिडकीपाशी गेली, गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून बसली आणि केस मागे केले.

मी नवी चकती घेतली. समोर बसले. एकोणीस वर्षांत इतकं जड काम केलं नव्हतं.

"चष्मा आणायला मी उठायला हवं होतं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

मी वाट बघितली. ती रडली नाही. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"मान हलवली तर चालेल?" तिनं विचारलं.

"नको."

मग ती हलली नाही. तिच्या डोळ्यातल्या शिरा मी मोजल्या. एकोणीस निघाल्या. चिमट्यात पहिला लाल धागा धरला. ती सरळ माझ्याकडे बघत होती आणि मला नजर खाली घालता येत नव्हती. नियमच तसा आहे.