लाल रेषेची उडी

तपासनीस बाईंनी पट्टी लाल रेषेवर ठेवली, एक डोळा मिटला आणि पुन्हा पाहिलं. उडी जागच्या जागी होती.

आफ्रिकेतल्या दोन देशांचा तो आलेख. रस्ते, पूल, शाळा अशा टिकाऊ कामांत सरकारने दरवर्षी किती गुंतवणूक केली, याची तीस वर्षांची तुलना. एक देश निळा, दुसरा लाल. पहिली अठरा वर्षं दोघे बरोबरीने चाललेले, आणि मग एकाच वर्षात लालने निळ्याला असं मागे टाकलेलं, की बघणाऱ्याने टाळ्याच वाजवाव्यात. लोकांनी वाजवल्याही होत्या. या उडीवर लेख लिहूनच विभागप्रमुखांचं नाव झालं होतं. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. उद्या काका निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या पुस्तिकेत, मधल्या पानावर, हाच आलेख रंगीत छापायचा होता. छपाईआधीची शेवटची सही बाईंची.

"काय, पूल मोजताय?" शेजारच्या टेबलावरून नकाशेवाल्याने विचारलं.

"एका वर्षात इतके पूल कुणी बांधतं का, ते बघतेय."

"नका बघू. सही करा आणि घरी जा."

सल्ला लाखमोलाचा होता. पण बाईंना एकदा खटकलं की खटकलं. मुलाच्या प्रगतिपुस्तकातली बेरीज चुकली म्हणून त्या शाळेत गेल्या होत्या आणि पोराचे सहा गुण कमी करून आल्या होत्या.

त्यांनी कपाटातून लाल देशाचं उडीच्या वर्षाचं मूळ वार्षिक पुस्तक काढलं. तक्ता दोन पानांवर पसरलेला होता. काकांच्या फाइलमध्ये मात्र पहिल्याच पानाची झेरॉक्स. बाईंनी पान उलटलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की या वर्षापासून सरकारी रेल्वे आणि वीज कंपन्यांची गुंतवणूकही सरकारच्या आकड्यात धरली आहे.

खात्री करायला त्यांनी त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयात फोन लावला. पलीकडची बाई खळखळून हसली.

"ती टीप वाचलीत तुम्ही? अहो, मीच लिहिलीय ती! बारा वर्षांत हा पहिला फोन."

तिने हौसेने सगळे आकडे सुटे करून पाठवले. रेल्वे आणि वीज वगळून बाईंनी रेषा पुन्हा ओढली. लाल देश मुकाट्याने निळ्याच्या शेजारी येऊन बसला.

आता आली पंचाईत. आलेख कसा वाचायचा हे बाईंना काकांनीच शिकवलेलं. सांगावं, तर उद्या चारचौघांत त्यांच्या नावावर पाणी. न सांगावं, तर चुकीखाली आपली सही. बाईंनी देवाचं नाव घेतलं, दुरुस्तीच्या दोन ओळी लिहिल्या आणि तो कागद नव्या आलेखासोबत उचलला.

काका खोलीत खण रिकामे करत होते. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणखी कुणाला कळलंय?"

"त्या टीपवाल्या बाईंना. इथे कुणालाच नाही."

काकांनी नवा आलेख उजेडात धरला आणि लाल रेषेवरून बोट फिरवलं.

"दुरुस्तीचा मजकूर आणलायस?"

बाईंनी दोन ओळींचा कागद पुढे केला. 'विभागाच्या नजरचुकीने' अशी सुरुवात होती. काकांनी पेन उघडलं, 'विभागाच्या' खोडून वर 'माझ्या' लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

"काका, असं कशाला? विभागाच्या म्हटलं तरी चाललं असतं."

"पान मी उलटलं नाही. विभाग काय करणार त्याला?" काकांना हसू फुटलं. "आणि बघ गं, कसे जोडीने चाललेत दोघं! मी उगाच बारा वर्षं एकाला पळवलं."

मग एक कोरा कागद ओढून ते खुर्चीत ऐसपैस बसले.

"जाताना दार ओढून घे. उद्या भाषणात काय बोलायचं, पंधरा दिवस सुचत नव्हतं."