साडूभाऊंची काठी

"हात तर लावून बघा, साडूभाऊ."

"नको. हात कणकेचे आहेत."

फरशीवाल्यांनी गळाची नवी काठी तशीच पुढे धरून ठेवली. दातमास्तर मान खाली घालून आमिषाच्या गोळ्या वळत राहिले. हात कणकेचे होते हे खरं. पण तलावाचं पाणी पायाशीच होतं, हात धुवायला कितीसा वेळ लागला असता?

"बरं, मामा, तुम्ही बघा."

दोघांच्या मधे दगडावर बसलेल्या सासऱ्यांनी काठी घेतली, हातावर तोलली, हवेत एकदा हलवली. काळीभोर, सडपातळ काठी. टोक बोटाइतकंही जाड नव्हतं आणि हललं की गवताच्या पात्यासारखं थरथरायचं. सासऱ्यांनी रिळाची मूठ फिरवली. आवाजच आला नाही. 

"अरे वा!" ते म्हणाले. "हातात काही आहे की नाही, असं वाटतं."

"कार्बनची आहे, मामा. रीळ परदेशी."

"केवढ्याला?"

फरशीवाल्यांनी किंमत सांगितली. मास्तरांच्या हातातली गोळी चपटी झाली.

"माशाला गळ दिसतो," ते म्हणाले, "काठी दिसत नाही."

पलीकडे बसलेले दोघेतिघे हसले. मास्तरांना बरं वाटलं. पण सासरे काठी खाली ठेवत नव्हते.

दातमास्तर कवळ्या करायचे. शहरातल्या दंतवैद्यांकडून त्यांच्या खोलीत तोंडांचे साचे यायचे आणि त्यावर ते मेणात एकेक दात बसवायचे. फरशीवाले म्हणजे त्यांच्या मेहुणीचा नवरा. फरश्यांचं दुकान. आधी एक गाळा होता, मग शेजारचा घेतला, मग समोरचा. दोघांनाही गळ टाकायला सासऱ्यांनी शिकवलं. सासरे तलावावरच्या पंपघरात नोकरीला होते. निवृत्त झाले तरी त्यांचा जीव पाण्याकाठीच रमायचा. रविवारी सकाळी दोन्ही जावयांना घेऊन बसायचं, हे त्यांचं सुख. आणि आजवर या सुखात थोरल्या जावयाचा मान मोठा होता. "आमच्या मास्तरांच्या हाताला मासा लागतो," असं ते ओळखीच्या माणसालाही सांगायचे आणि अनोळखीलाही. बाकी सगळीकडे, म्हणजे घरात, गाडीत, मुलांच्या शाळेत, बायकोच्या साड्यांत धाकटे पुढे होते. तलावाच्या काठावर मात्र मास्तर पुढे होते. तेवढी जागा त्यांना पुरत होती.

त्या दिवशीही मास्तरांच्या जुन्या काठीला दोन चांगले मासे लागले. फरशीवाल्यांचा दोरा पहिल्याच फेकीत झुडपात अडकला, नंतर स्वतःच्याच रिळात गुंतला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मास्तर मनात चारदा म्हणाले. पण उन्हं चढेपर्यंत काठावरची सगळी मंडळी एकेक करून फरशीवाल्यांकडे आली. कोणी काठी वाकवून बघितली, कोणी रीळ कानाशी धरलं. बादलीतल्या माशांकडे एकानंही पाहिलं नाही. परत जाताना काठी सासऱ्यांच्या खांद्यावर होती.

घरी सासूबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगंबाई, केवढे! नव्या काठीनं धरले वाटतं धाकट्यांनी?"

"नाही हो, मामी, साडूभाऊंचे आहेत," फरशीवाले लगेच म्हणाले.

हे त्यांनी सांगितलं, याचाच मास्तरांना जास्त राग आला.

संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणाले, "सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेतं का? एवढे पैसे! काठीत काय असतं? लाकूड ते लाकूड."

"कार्बनची आहे म्हणे," बायको म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"बहिणीचा फोन आला होता."

"म्हणजे गावभर फोन झाले."

बायकोनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "अहो, हौसेला मोल नसतं. त्यांनी घेतली, तुमच्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या? मी दोन मासे धरले. त्यानं एक धरला का?"

"तुम्हाला मासे नकोच आहेत," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला त्यांचं तोंड उतरलेलं बघायचंय."

मास्तर तोच घास बराच वेळ चावत राहिले.

त्या आठवड्यात एका दुपारी ते जेवणाच्या सुट्टीत गळाच्या सामानाच्या दुकानात गेले. अगदी सहज आल्यासारखं त्यांनी आधी गळ पाहिले, मग दोऱ्याची रिळं पाहिली, आणि मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, "ती काळी जरा दाखवा."

दुकानदारानं काठी त्यांच्या हातात दिली.

मास्तरांचे हात आयुष्यभर केसाइतका फरक ओळखण्यात गेले होते. दाताची कड किंचित वर असली तरी त्यांच्या अंगठ्याला कळायचं. काठी हातात आली आणि त्यांना सगळं कळलं. मनगट जिथं थांबतं तिथूनच ती सुरू होत होती. रीळ फिरवलं तर लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. हातानं एका क्षणात कबूल केलं. तोंडानं मात्र केलं नाही.

"एवढी किंमत कशाची?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू का, काका?" दुकानदार म्हणाला. "ही घेतली म्हणून मासा जास्त लागेल, असं मी सांगणार नाही. दिवसभर फेकली तरी खांदा भरून येत नाही. रीळ अडकत नाही, मोठा मासा ओढायला लागला तर दोरा आपोआप सैल सोडतं. महिन्यातून एकदा जाणार असाल तर तुमची जुनीच बरी. नाद असेल तर मग विचारू नका, घेऊन टाका."

"बघतो," मास्तर म्हणाले.

ते बाहेर पडले खरे, पण तळहात सुना सुना वाटत होता. काठी घेता आली नसती असं नाही. ओढाताण करून आली असती. पण मग रविवारी ती घेऊन काठावर जायचं, आणि साडू म्हणणार, 'अरे वा, साडूभाऊ, तुम्हीपण!' त्या 'पण'पुढे मास्तरांचं पाऊल उचलेना. त्या दुपारी त्यांनी एका कवळीत सुळा वाकडा बसवला आणि ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर ते रविवारी जायचे टाळू लागले. कधी काम पुढे करायचे, कधी पाठ. 

मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, जोर उरला तो खांद्यातच, आणि तोंडाची उजवी बाजू ओघळली. जुनी कवळी तोंडात राहीना. बोलताना घसरायची, खाताना टोचायची. माणसांत बसायला त्यांना लाज वाटू लागली. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

मास्तरांनी कवळी करायला घेतली. एरवी साचा वैद्य घेतो, पण या वेळी ते स्वतः वैद्याबरोबर गेले, सासऱ्यांची हनुवटी धरून उभे राहिले. उजवी बाजू ओठाला आधार देईल अशी जाड ठेवली. बसवून बघायची, परत न्यायची, घासायची, परत आणायची. एक दिवस सासऱ्यांनी आरशात पाहिलं आणि चक्क घसा खाकरून शेजाऱ्याला हाक मारली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"मास्तर," सासरे म्हणाले, "तोंड परत दिलंत तुम्ही मला."

फरशीवाले तिथंच उभे होते. मास्तरांनी तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. हे काही कुठल्या दुकानात भिंतीवर टांगलेलं मिळत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना रात्री गाढ झोप लागली.

ती झोप फार दिवस पुरली नाही.

एका रविवारी सकाळी ते कवळीची एक कड जरा गुळगुळीत करायला म्हणून गेले, तर घरात सासूबाई एकट्याच.

"तलावावर गेलेत," त्या म्हणाल्या. "धाकटे गाडीतून घेऊन गेले. आज तिसरा रविवार. तुम्हाला ठाऊक नाही?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. सांगायला कोणी विसरलं, की त्यांचंच येणं कमी झालं होतं, याचा हिशेब करत ते बांधावर पोचले.

खाली काठावर घडीच्या खुर्चीत सासरे बसले होते. त्यांच्या डाव्या हातात ती काळी काठी होती. रिळाची मूठ काढून उलट्या बाजूला बसवली होती, आणि उजव्या पंज्याची बोटं फरशीवाल्यांनी एका पट्ट्यानं मुठीवर अडकवून दिली होती. सासऱ्यांनी डावा हात मागे नेला आणि झटकन पुढे आणला. दोरा लांब, सरळ गेला आणि दूर पाण्यावर एक लहानसं वर्तुळ उमटलं.

मास्तर बांधावर उभे राहिले. त्यांची जुनी काठी सासऱ्यांना त्या एका हातानं उचलवलीही नसती. हे त्यांना तिथंच, उभ्या उभ्या, मान्य करावं लागलं. आणि काठी आणली त्या दिवशीही वाटला नव्हता एवढा हेवा त्यांना वाटला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते कवळी बसवल्यावरच्या हसण्यापेक्षा मोठं होतं.

माघारी फिरावं, असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात फरशीवाल्यांनी वर पाहिलं. "अहो साडूभाऊ! या की खाली!"

ते उतरले. सासऱ्यांनी मान वळवली नाही. त्यांची नजर पाण्यावर होती. "मास्तर, आलात? गप बसा. खालून टोचतोय कोणीतरी."

दोघे साडू खुर्चीमागे उभे राहिले. मास्तर हळूच म्हणाले, "यासाठीच घेतली होती का ही?"

"छे हो. तेव्हा मामा ठणठणीत होते." फरशीवाले पायानं माती उकरत राहिले. "खरं सांगू? तुम्हाला दाखवायला घेतली."

"मला?"

"मग काय! लग्न झाल्यापासून ऐकतोय, मास्तरांचा हात, मास्तरांचा हात. मी दुकान वाढवलं, मामा म्हणाले छान. तुम्ही एक मासा धरलात की मामा महिनाभर सांगायचे. म्हटलं, एकदा तरी माझ्याकडे बघतील."

मास्तरांनी वळून साडूकडे पाहिलं. हा माणूसही जळत होता, आणि तेही त्यांच्यावर! त्यांना हसू यायला हवं होतं. पण थोडंसं बरं वाटलं आणि मग लगेच वाटलं, याचं जळणंसुद्धा मामांच्या कामी आलं. माझं कोणाच्या कामी आलं?

"लागला!" सासरे ओरडले.

काठी वाकली. रीळ करकरलं आणि दोरा सुटत गेला. फरशीवाले पुढे धावले.

"हात लावायचा नाही!" सासरे गरजले. "मास्तर, धरा त्यांना!"

मास्तरांनी साडूचा दंड धरला. दोघेही तसेच उभे राहिले. सासरे पंपघरात असताना मोठमोठी चाकं फिरवायचे, तसा त्यांचा सगळा खांदा कामाला लागला. अडकवलेला पंजा मूठ फिरवत होता, थांबत होता, पुन्हा फिरवत होता. कपाळावरून घाम वाहत होता. मासा काठाशी आला तेव्हा फरशीवाल्यांनी जाळी खाली घातली आणि तो उचलला. सासऱ्यांनी श्वास घेतला आणि मोठ्यानं हसले.

"फोटो काढा, फोटो!" ते म्हणाले.

फरशीवाल्यांनी खिशातला फोन काढून मास्तरांपुढे धरला. "साडूभाऊ, तुमचा हात स्थिर आहे. तुम्ही काढा." आणि स्वतः मासा तोलून धरायला खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले.

मास्तरांनी फोटो काढला. तो छान आला.

सासरे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होते. तेवढे रविवार त्यांनी काठावर काढले, आणि मास्तरही जात राहिले. जुनी काठी घेऊन, थोडं अंतर सोडून. सासरे गेल्यावर फरशीवाले ती काळी काठी घेऊन मास्तरांच्या घरी आले होते. "तुम्ही ठेवा," म्हणाले. मास्तरांनी एकदा ती हातात घेतली, तोलली. "चांगली आहे," ते म्हणाले. "पैसे वसूल आहेत." आणि परत दिली.

सासूबाईंनी तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला आहे. आलागेला माणूस त्यापुढे थांबतो. खुर्चीत सासरे, तोंडभर हसणारे. मांडीवर मासा, हातात काळी काठी, शेजारी गुडघ्यावर धाकटे जावई.

"हे आमचे धाकटे जावई," सासूबाई सांगतात. "फार केलं हो त्यांनी यांच्यासाठी."

पाहुणे फोटो न्याहाळतात, मासा केवढा होता ते विचारतात. मास्तर त्याच भिंतीखालच्या कोचावर बसलेले असतात. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून ते थोडे बाजूला सरकतात.